पाडण्याआधी पाहून येणारा

बांधकाम खात्यात नोकरी केली म्हटले की लोक हमखास विचारतात, "काय काय बांधलंत?" दोन-चार मोऱ्या, पोलिसांच्या चाळीचे छप्पर, एक विहीर आणि मैलोगणती मुरुमाचा रस्ता, एवढेच मला सांगता येते. त्या मोऱ्यांपैकी एकीचे नाव न काढलेले बरे. खात्यात मला ज्या कामासाठी ओळखत, ते बांधण्याचे नव्हतेच. एखादी जुनी इमारत पाडायची, किंवा तिची भिंत फोडून काही नवे करायचे, असे ठरण्याआधी कोणीतरी जाऊन ती नीट पाहून यावे आणि ती गेली तर काय काय जाईल ते लिहून द्यावे, असा आमच्या साहेबांचा दंडक होता. ते 'कोणीतरी' म्हणजे मी. हुद्दा सब-ओव्हरसियरचा. मला नकाशा आणि चित्र बरे काढता येई, एवढ्याच भांडवलावर हे काम माझ्या गळ्यात पडले आणि निवृत्त होईपर्यंत सुटले नाही.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातली तहसील. पण रेल्वेचे जंक्शन झाल्यापासून गावाला नुसती घाई झाली होती. धानाच्या गिरण्यांची धुराडी उभी राहत होती, मालधक्का वाढत होता, रस्ते सरळ होत होते. सरळ रस्त्याच्या वाटेत नेहमीच काहीतरी जुने येते. मग कचेरीतून हुकूम सुटे : जाऊन पाहून या.

पाहायचे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवे. भिंतीला लहान हातोडीने टकटक करायची. भरीव भिंत एक आवाज देते, आतून पोकळ झालेली दुसरा. चुना बोटात कुस्करून पाहायचा. दगड एकमेकांवर नुसते बसवलेत की मध्ये काही भरले आहे, ते पाहायचे. भेग दिसली तर तिच्यावर आडवी चुन्याची पट्टी लिंपायची आणि काही महिन्यांनी परत यायचे. पट्टी अखंड असेल तर भेग जुनी आणि थांबलेली, पट्टी तडकली असेल तर भिंत अजून चालते आहे. भिंती चालतात. मी त्या चालताना पाहिल्या आहेत.

हे झाले दगडाचे. त्यापुढे तीन गोष्टी विचारायच्या : इमारत कोणाची, तिचा आज कोणाला उपयोग आहे, आणि ती न पाडली तर कोणाचे काय अडेल. चौथा प्रश्न मी मुर्री गावात शिकलो. तिथे रस्त्याच्या कडेला विटांचा एक चौथरा होता. देव नाही, कोरीव काम नाही, विटा साध्या. पाडायला हरकत नाही, असे मी लिहिले आणि त्यात चूक काहीच नव्हती. पाडायच्या दिवशी एक म्हातारी आली. म्हणाली, "माही एक वीट घेऊन जाऊ का जी?" नवी नवरी होऊन आली तेव्हा गावातल्या प्रत्येक सुनेने एकेक वीट डोक्यावर वाहून तो चौथरा बांधला होता. मुकादमाने तिला हवी ती वीट दिली. तिने बराच वेळ शोधून एक उचलली आणि पदरात घेऊन गेली. तेव्हापासून माझा चौथा प्रश्न ठरला : हे गेले तर रडेल कोण?

सगळेच रडणारे खरे नसत, हेही सांगितले पाहिजे. गोंदियातल्या एका शेठजींचे गोदाम मालधक्क्याच्या वाढीत जाणार होते. शेठजी मला हाताला धरून आत घेऊन गेले. डोळे पाण्याने भरलेले. "बाबूजी, ये गोदाम हमारे परदादा से भी पहले का है. पुरखों की निशानी है. इसको हाथ लगाया तो पाप लगेगा." मी वर पाहिले. छपराची मुख्य तुळई म्हणजे रेल्वेचा चक्क लोखंडी रूळ होता. मी विचारले, "शेठजी, आपके परदादा के पहले यहाँ रेल आती थी क्या?" शेठजींनी वर पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि डोळे पुसत म्हणाले, "चलिए, चाय तो पीजिए." चहा उत्तम होता. गोदाम गेले.

पण मला सांगायची आहे ती बेहडाटोल्याची गोष्ट.

दरेकसा स्टेशनावर उतरून डोंगराच्या कडेकडेने चालत गेले की बेहडाटोला लागतो. सगळीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते, मध्ये एक नाला आणि गावाच्या टोकाला एक उंच टेकाड. त्या टेकाडावर जुन्या गोंड राजाच्या कोणा सरदाराची गढी. गढी म्हणायची ती मानाने; उरले होते ते काळ्या दगडाचा एक दरवाजा, त्याला लागून एक लहान खोली आणि मागे बिनछपराचे एक लांबट दालन. दरवाज्याच्या माथ्यावर हत्तीला पंज्याखाली धरलेला सिंह कोरलेला. खोलीत टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, गोंडांचा बडादेव. नवे धान निघाले की आधी तिथे चढवायचे, मग घरी चुलीवर, ही त्यांची रीत.

गावचे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा भरणारे जमीनदार, डोमाजी पटेल. पोवार समाजाचे, माळव्यातून आलेल्या आपल्या पूर्वजांविषयी अभिमानाने बोलणारे, मोठे शेतकरी. त्यांनी जिल्हा कौन्सिलकडे मागणी केली होती की टेकाडावरची पडकी गढी काढावी आणि तिच्याच दगडांनी तिथे गावची शाळा बांधावी. मजुरी ते देणार, लाकूडही ते देणार.

मी पोचलो तेव्हा पटेल स्वतः मला टेकाडावर घेऊन गेले. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा, बोलणे कमी. गढीकडे त्यांनी पाहिलेही नाही. नाल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "शाळा त्या अंगाले हाये, दुसऱ्या गावात. टुरे नाला उतरून जात. मागच्या पावसाळ्यात माहा नातू गेला. किसना. पानी आला अना नेलन."

टुरे म्हणजे तिकडच्या बोलीत पोरे. मी नाल्याकडे पाहिले.

"गावात उंच जागा हेच एक हाये जी," ते पुढे म्हणाले. "बाकी समद्या बांध्या. पावसाळ्यात पानीच पानी. शाळा बांधाची तं इथंच. तुम्ही शिकले-सवरले मानूस, मले एकच सांगा बाबूसाब. दगड मोठा का टुरा मोठा?"

या प्रश्नाचे उत्तर सर्वांना माहीत असते. मी टेप काढला आणि मोजायला लागलो.

दरवाजा आणि पुढची खोली बघून मी थक्क झालो. दगड इतके चपखल बसलेले की सांध्यात नख शिरत नव्हते. मागचे दालन मात्र तसे नव्हते; ते नंतर कोणीतरी घाईने बांधलेले, मातीच्या भरावावर. बाहेरची भिंत पोटातून फुगली होती आणि वरपासून खालपर्यंत भेगा होत्या. मी भेगांवर चुन्याच्या पट्ट्या लावल्या. पावसाळा गेल्यावर परत पाहायचे ठरवले.

मग मी चौथा प्रश्न घेऊन टोल्यावर गेलो. सुकलू मडावी हा तिथला भुमका, म्हणजे देवाचे करणारा. वाळलेल्या अंगाचा, साठीकडे झुकलेला. अंगणात बसून तो बांबूच्या कामट्या काढत होता. मी कोण, कशासाठी आलो, ते सांगितले. तो कामट्या काढतच राहिला.

"गढी गेली तं आमाले काय होईन, हे इचारून राहिले तुमी?"

"हो."

"आमाले कोनी इचारत नाही. तुमी काऊन इचारून राहिले?"

"ते माझं कामच आहे."

तो थोडा हसला. मग कोयता बाजूला ठेवून म्हणाला, "पटेलानं सांगतलं का तुमाले, नाल्यात कोन गेला तं?"

"त्यांचा नातू. किसना."

"अना?"

"आणखी कोण?"

"बस, तोच एक?" तो माझ्याकडे पाहत राहिला. "दोन गेले बाबू. एक पटेलाचा, एक माहा. माहा नातू पटेलाची ढोरं राखत होता. किसना पान्यात गेला तं त्याले काढाले ह्यानं उडी घेतली. पटेलाच्या नातवाची तेरवी झाली, समद्या गावाले जेवन झालं. आमच्या टुऱ्याचा कोनी नावबी नाही घेतला. पटेल आजलोक टोल्यावर नाही आला."

आतून कोणीतरी बाई पाण्याची घागर घेऊन दारात आली आणि आम्हाला बोलताना पाहून तशीच मागे फिरली. सुकलूची बायको होती ती.

"आता त्यानले आमचा देवबी पायजे," सुकलू म्हणाला आणि त्याने पुन्हा कोयता उचलला.

मी परतताना नाल्याकडून गेलो. त्या वेळी त्यात पाणी घोट्याएवढे होते. ढोरे निवांत पलीकडे जात होती.

गोंदियाला येऊन मी साहेबांना सांगितले की अभिप्राय पावसाळ्यानंतर देईन. साहेब नागपूरकडचे, शिस्तीचे, पण ऐकून घेणारे. "एवढा वेळ?" म्हणाले. मी म्हणालो, "भिंत चालते आहे की थांबली आहे, ते भिंतच सांगेल." त्यांनी मान हलवली. भिंतीशिवाय पटेल आणि सुकलू यांचीही मला वाट पाहायची होती.

पावसाळा त्या साली जबर झाला. पाणी ओसरल्यावर मी बेहडाटोल्याला गेलो. दालनाच्या भिंतीवरच्या सगळ्या पट्ट्या तडकून गेल्या होत्या. एक तर दुभंगून खाली पडली होती. दरवाज्याला मात्र केसाएवढाही तडा नव्हता. म्हणजे माझ्या कामापुरते उत्तर मिळाले होते. दालन आज ना उद्या पडणारच. दरवाजा आणि देवाची खोली राहू शकतात. टेकाडाची पूर्वेची बाजू मोकळी होती. दालनाच्या दगडात तिथे शाळा सहज उभी राहिली असती.

आधी सुकलूला सांगितले. तो म्हणाला, "पडू द्या. आपून पडला तं देवाची मर्जी. मानसानं पाडला तं मानसाची."

मग पटेलांच्या ओसरीवर गेलो. त्यांना माझे म्हणणे पसंत पडले नाही. "अर्धं ठेवाचं, अर्धं काढाचं, हे काय जी? उद्या टुरे शाळेत जातील अना बाजूले गोंडाइचा देव?"

"दरवाजा पाडण्याला माझी हरकत राहील, पटेल. तसं मी लिहिणार. आणि दालन काढायचं तर टोल्याची संमती हवी, असंही लिहिणार."

"संमती? कोनाची, सुकलूची?"

"हो. तुम्ही एकदा त्याच्याकडे जाऊन या."

"मी? टोल्यावर?" पटेलांचा आवाज चढला. "काऊन?"

सरकारी माणसाने सांगायची ती गोष्ट नव्हती, आणि मला ठाऊक होते की पटेलांनाही ती ठाऊक आहे. इतक्यात आतल्या दारातून त्यांची सून बाहेर आली. गिरजा तिचे नाव, किसनाची आई. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. परक्या माणसासमोर ती येत नसे. ती माझ्याकडे न बघता सासऱ्याला म्हणाली, "मी जातो, मामाजी."

"कुठं?"

"टोल्यावर." आणि ती पायऱ्या उतरून चालायलाही लागली.

पटेलांनी खुंटीवरचे पागोटे काढले, डोक्याला गुंडाळले आणि तिच्या मागे निघाले. मी त्यांच्या मागे. भर दुपारची वेळ, बांध्यांतून धान पोटरीला आलेले. कापणीपूर्वीची कामे करणारी माणसे उभी राहून पाहत होती. मालगुजाराची सून पुढे आणि मालगुजार मागे, असे त्या गावाने पूर्वी कधी पाहिले नसावे.

सुकलू अंगणातच होता. उठला नाही. "बसा," एवढेच म्हणाला. बाज रिकामी होती. पटेल उभेच राहिले आणि उभ्याउभ्याच बोलू लागले. शाळेचे बोलले, उंच जागेचे बोलले. "तुमचेबी टुरे शिकतील. कोनाले नाही म्हननार नाही, हे मी ह्या बाबूसाबासमोर सांगून राहिलो."

सुकलूने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "माह्या नातवाचा नाव काय होता, पटेल?"

पटेलांनी तोंड उघडले आणि मिटले.

"तुमची ढोरं राखत होता. रोज सकारी तुमच्या कोठ्यात येत होता. नाव सांगा."

मी जमिनीकडे पाहत होतो. कुंपणापलीकडे कोंबडी माती उकरत होती, तिचा आवाज ऐकू येत होता.

"मंगरू," गिरजा म्हणाली.

सुकलूने प्रथमच तिच्याकडे पाहिले.

"मीच हाका मारल्या होत्या जी," ती म्हणाली. पदर डोक्यावरून सरकला होता, तिला भान नव्हते. "मी धुनं धुवाले गेली होती. किसना पान्यात घसरला अना मी वरडून राहिली, मंगरू धाव, मंगरू धाव. तो पल्याड होता. त्याले जाता आलं असतं. पर मी हाक मारली म्हनून तो आला. तुमच्या टुऱ्याले मी बलावलं, बापा. पान्यानं नाही नेलं, मी नेलं."

घरातून रडण्याचा आवाज आला. सुकलूची बायको दारात आली, उंबऱ्यावरच बसली आणि मोठ्याने रडू लागली. गिरजा तिच्यापाशी जाऊन बसली. त्या दोघींनी एकमेकींना हात लावला नाही. नुसत्या शेजारी बसून रडल्या.

पटेल बाजेवर बसले नाहीत. जिथे उभे होते तिथेच मातीत बसले, पागोटे काढून मांडीवर ठेवले. "मंगरू," ते हळूच म्हणाले. पहिल्यांदा उच्चारतो आहोत असा शब्द जपून उच्चारावा, तसे.

बायकांचे रडणे ओसरल्यावर सुकलू म्हणाला, "दालन घ्या. दरवाज्याले हात नको. देवाच्या खोलीले हात नको. अना दगड आमीच काढू. बाहेरचा मानूस नको."

"बरं," पटेल म्हणाले.

मी अभिप्राय लिहिला. दरवाजा व पुढील खोली जशीच्या तशी राखावी. मागील दालन धोक्याचे असल्याने उतरवावे. त्याचे दगड शाळेसाठी वापरावे. टोल्यावरील लोकांची संमती घेतली आहे आणि काम त्यांच्याच हाताने व्हावे. साहेबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "ही संमती कोणत्या नियमात येते?"

"कोणत्याच नाही, साहेब."

"मग लिहिली कशाला?"

"तिच्यावाचून ती शाळा उभी राहिली असती, पण तिथे कोणी शिकलं नसतं."

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. सही केली.

दालन उतरवताना मी हजर होतो. पाडणे हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. सुकलूने आधी भिंतीच्या पायाशी मोहाची दारू शिंपली, हात जोडले, आपल्या बोलीत काही म्हटले. मग टोल्यावरची माणसे कामाला लागली. इतक्या इमारती जमीनदोस्त होताना मी पाहिल्या. धूळ, आरडाओरडा, पहारीचे घाव. इथे तसे काही नव्हते. एकेक दगड दोघे-तिघे मिळून हलवत, दोरावरून खाली घेत आणि गवतावर ठेवत. डोमाजी पटेल रोज सकाळी येऊन उन्हात उभे राहत. कोणाला हुकूम करत नसत. एकदा दगड निसटला तेव्हा मात्र ते धावले आणि खाली खांदा दिला. त्यानंतर ते रोजच दगडाला हात लावू लागले.

शाळा झाली. साधीच, दगडी भिंती, वर कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, छप्पर, पुढे ओसरी. तिला किसनाचे नाव द्यायचे पटेलांच्या मनात होते, हे मला ठाऊक होते. दारावरची पाटी तशीच कोरी ठेवली गेली. लोक म्हणत, गढीची शाळा. पहिल्या दिवशी टोल्यावरची पोरे येतील की नाही, याची मला धास्ती होती. ती आली. सुकलू स्वतः त्यांना घेऊन आला, दरवाज्यातून आत सोडले आणि बाहेर थांबून राहिला.

पुढे माझी बदली झाली, इतर कामे लागली. शेकडो जागा पाहून आलो. काही वाचल्या, बहुतेक गेल्या. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास मी निवृत्त झालो.

लढाई संपल्यावर आमगावकडे एका लग्नाला गेलो होतो. परतताना मनात आले आणि दरेकशाला उतरलो. म्हातारपणी वाट लांबली होती. टेकाड दिसू लागले, शाळेचे कवेलू दिसले. मी थांबलो. डोळ्यांवर हात धरून पाहिले. दरवाजा नव्हता.

टेकाडाच्या पायथ्याशी सुकलू भेटला. पाठीत पार वाकला होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला. डोमाजी पटेल वारल्याचे त्याने सांगितले. मग मी वर बोट दाखवले.

"लढाईचा रस्ता रुंद करून राहिले होते," तो म्हणाला. "गिट्टी पायजे होती. ठेकेदार आला, कागद दाखवलन. सुरुंग लावलन. आमी देव उचलला अना साजाच्या झाडाखाली नेला. बाकी गेला."

"कोणी पाहायला आलं नाही? आधी?"

"कोन येईन?" त्याने माझ्याकडे निरखून पाहिले. "तुमी लिहिला होता नं बाबू, दरवाजा ठेवा म्हनून?"

"लिहिलं होतं."

"मंग?"

लढाईच्या घाईत आधी पाहून येण्याची पद्धत राहिली नव्हती, एवढेच खरे. जे राखा म्हणून मी लिहिले, त्याची गिट्टी होऊन रस्त्यात दबली. आणि जे उतरवा म्हणून लिहिले, ते दालन मात्र शाळेच्या भिंतींत उभे होते. मी तसे सुकलूला म्हणालो. त्याने थोडा विचार केला आणि मान हलवली. "हो जी," म्हणाला. "ते राहिला."

आम्ही दोघे हळूहळू टेकाड चढलो. शाळा भरायची वेळ होती. गिरजाबाई ओसरीवर पाण्याचा माठ भरून ठेवत होती. आता तेच तिचे काम होते; शाळेच्या मास्तरांनी सांगितले, तिला ते कोणी नेमून दिलेले नाही. पायवाटेने पोरे येऊ लागली. पोवारांची, गोंडांची, दोन-चार पोरीही. शाळेच्या वाटेवरच्या त्या जुन्या दरवाज्याला गुडघाभर उंच दगडी उंबरा होता, आणि त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचे, अशी चाल होती. आता तिथे साधी तुडवलेली माती होती. पोरे त्या ठिकाणी आली की एकेक करून पाय उंच उचलून, रिकामी जागा ओलांडून पुढे जात होती. मोठ्यांचे मी समजू शकलो. त्यांनी उंबरा पाहिलेला होता. पण त्यांच्या मागून एक अगदी लहान पोरगी आली, पाटी छातीशी धरलेली. नुकतीच शाळेत घातलेली असावी. तिला तो दरवाजा आठवत असणे शक्यच नव्हते. तीही तिथे थांबली, घागरा सावरला, पाय उंच उचलला आणि पलीकडे ठेवला.

मी विचारले, "काऊन वं बाई, पाय काऊन उचलला?"

एवढ्या मोठ्या माणसाला एवढेही कळू नये, याचे तिला नवल वाटलेले दिसले.

"दरवाजा हाये नं जी," ती म्हणाली आणि आत पळाली.